ट्राउटमान, बर्ट

ट्राउटमान, बर्ट : (२२ ऑक्टोबर १९२३–१९ जुलै २०१३). मँचेस्टर सिटी या इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉल संघाचा विख्यात जर्मन गोलरक्षक. संपूर्ण नाव बेर्नहार्ट कार्ल ट्राउटमान. दुसऱ्या महायुद्धात जर्मन छत्रीसैनिक म्हणून लढलेला व नंतर युद्धकैदी म्हणून इंग्लंडमध्ये आलेला हा खेळाडू १९४९ ते १९६४ या काळात मँचेस्टर सिटीकडून ५४५ सामने खेळला. १९५६ च्या एफ्. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात मानेचे हाड मोडले असतानाही तो शेवटपर्यंत गोलात उभा राहिला, या घटनेमुळे त्याचे नाव फुटबॉलच्या इतिहासात अजरामर झाले. तथापि त्याच्या कारकीर्दीचे खरे महत्त्व त्या एका अपराह्णात नाही. ज्या शहरावर जर्मन विमानांनी बाँबवर्षाव केला होता, त्याच शहराच्या संघात युद्ध संपून पुरती पाच वर्षे झालेली नसताना एका जर्मन सैनिकाला स्थान मिळाले आणि तेथील लोकांनी हळूहळू त्याला आपला मानले. हे कसे घडले, हा क्रीडेतिहासाइतकाच सामाजिक इतिहासाचाही विषय आहे.

पूर्वायुष्य व युद्धकाल : ट्राउटमानचा जन्म उत्तर जर्मनीतील ब्रेमेन या बंदराच्या शहरी एका कामगार कुटुंबात झाला. वडील गोदीलगतच्या खतांच्या कारखान्यात नोकरीस होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या आर्थिक विपत्तीचा काळ या कुटुंबाने अनुभवला. लहानपणापासूनच तो अंगाने सुदृढ असून फुटबॉल, हँडबॉल इ. मैदानी खेळांत त्याला विशेष गती होती. १९३३ मध्ये नाझी पक्ष सत्तेवर आला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी तो पक्षाच्या बालसंघटनेत दाखल झाला. क्रीडास्पर्धा, शिबिरे व गणवेश यांचे आकर्षण आणि त्यांच्या आडून चालणारा वंशश्रेष्ठत्वाचा प्रचार यांतच त्या पिढीतील बहुसंख्य जर्मन मुलांची जडणघडण झाली. ट्राउटमान त्याला अपवाद नव्हता आणि उत्तरायुष्यात त्याने तसा दावाही केला नाही.

मोटारदुरुस्तीच्या कामात उमेदवारी केल्यानंतर १९४१ मध्ये तो जर्मन हवाई दलात भरती झाला. प्रारंभी बिनतारी संदेशवाहक म्हणून त्याची निवड झाली होती; पुढे त्याची छत्रीसैनिकांत बदली करण्यात आली. सोव्हिएट रशियाविरुद्धच्या पूर्व आघाडीवर त्याने दीर्घकाळ सेवा केली. तेथे त्याला बढती मिळाली व शौर्याबद्दल ‘आयर्न क्रॉस’चा प्रथम श्रेणीचा सन्मानही लाभला. युक्रेनमध्ये असताना एका जंगलात नाझींच्या विशेष पथकांनी निःशस्त्र स्त्रीपुरुषांची व मुलांची केलेली सामूहिक हत्या आपण लपून पाहिली होती, असे त्याने वृद्धापकाळी दिलेल्या मुलाखतींतून सांगितले. युद्धाच्या उत्तरार्धात त्याच्या तुकडीला पश्चिम आघाडीवर हलविण्यात आले. तेथे तिची प्रचंड हानी होऊन थोडेच सैनिक जिवंत राहिले. युद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सैनिकांनी त्याला पकडले.

बंदिवास : १९४५ मध्ये ट्राउटमानला युद्धकैदी म्हणून इंग्लंडमध्ये आणण्यात आले. ब्रिटिश अधिकारी जर्मन कैद्यांचे त्यांच्या राजकीय मतांनुसार वर्गीकरण करीत. वयाच्या सतराव्या वर्षापासून सैन्यात असलेल्या व स्वेच्छेने भरती झालेल्या या कैद्याची गणना प्रथम कडव्या नाझी विचारांच्या गटात झाली. नंतर त्याला त्याखालच्या गटात टाकण्यात आले. कैद्यांच्या पुनःशिक्षणाचा भाग म्हणून त्यांना छळछावण्यांतील चित्रपट दाखविले जात. तेथील दृश्ये पाहून, आपल्या देशबांधवांनी हे कसे केले, असा प्रश्न आपणास पडल्याचे त्याने पुढे नमूद केले. आपले खरे शिक्षण वयाच्या बाविसाव्या वर्षी इंग्लंडमध्ये सुरू झाले, असे तो म्हणत असे.

लँकाशरमधील ॲश्टन-इन-मेकरफील्ड येथील छावणीत तो १९४८ पर्यंत होता. कैद्यांचे फुटबॉल संघ परिसरातील हौशी संघांशी सामने खेळत. ट्राउटमान प्रथम मैदानावरील इतर जागांवर खेळे. एका सामन्यात दुखापत झाल्यामुळे त्याने आपल्या गोलरक्षकाशी जागेची अदलाबदल केली आणि तेव्हापासून तो गोलरक्षकच राहिला. ‘बेर्न्ट’ या त्याच्या घरगुती नावाचा उच्चार इंग्रजांना जमत नसे. त्याचे ‘बर्ट’ झाले ते याच काळात.

ब्रिटनमध्ये १९४६ मध्ये सु. ४ लाख जर्मन युद्धकैदी होते. शेती, रस्ते, घरबांधणी इ. कामांवर त्यांचा उपयोग करून घेण्यात येई. सामान्य नागरिकांनी त्यांच्याशी मिसळू नये, असा दंडक सुरुवातीस होता; डिसेंबर १९४६ मध्ये तो शिथिल करण्यात आला आणि त्या नाताळात अनेक इंग्रज कुटुंबांनी कैद्यांना आपल्या घरी जेवावयास बोलाविले. ज्यांच्या विरुद्ध लढलो, त्यांच्याच घरी मिळालेली ही वागणूक पुष्कळ कैद्यांच्या कायमची स्मरणात राहिली. १९४८ पर्यंत बहुतेक कैदी मायदेशी परतले, सु. २४,००० जणांनी मात्र ब्रिटनमध्येच राहणे पसंत केले. त्यांपैकी ट्राउटमान हा एक होय. त्याने काही काळ शेतावर व नंतर लिव्हरपूलजवळील हायटन येथे न फुटलेले बाँब निकामी करण्याच्या कामावर मजुरी केली. त्याच वर्षी तो सेंट हेलेन्स टाऊन या छोट्या हौशी संघाकडून खेळू लागला. उंचापुरा, चपळ व निर्भय असा हा गोलरक्षक पाहण्यासाठी त्या संघाच्या सामन्यांना होणारी गर्दी वाढत गेली. या संघाच्या चिटणिसाच्या मुलीशी १९५० मध्ये त्याचा विवाह झाला.

मँचेस्टर सिटीत प्रवेश व विरोध : इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्या काळी परदेशी खेळाडू अभावानेच आढळत. १९३० मध्ये आर्सेनल संघाने ऑस्ट्रियाचा गोलरक्षक रूडी हिडेन यास आणण्याचा प्रयत्न केला असता त्यास देशात प्रवेशच नाकारण्यात आला होता. पुढल्याच वर्षी परदेशी व्यावसायिक खेळाडूवर दोन वर्षांच्या वास्तव्याची अट घालणारा नियम इंग्लिश फुटबॉल संघटनेने केला आणि तो १९७८ पर्यंत टिकला. या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने ट्राउटमानला प्रथम हौशी खेळाडू म्हणून करारबद्ध केले व थोड्याच दिवसांत त्याला व्यावसायिक दर्जा दिला. इंग्लंडचा लोकप्रिय गोलरक्षक फ्रँक स्विफ्ट हा त्याच सुमारास सिटीतून निवृत्त झाला होता. त्याची जागा घेणे हे कोणत्याही खेळाडूला अवघडच गेले असते. ट्राउटमान तर जर्मन होता.

मँचेस्टरच्या लोकांच्या मनातील जखमा ताज्या होत्या. डिसेंबर १९४० मधील नाताळच्या तोंडावर झालेल्या हवाई हल्ल्यांत शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त होऊन शेकडो नागरिक मृत्युमुखी पडले होते. मार्च १९४१ मध्ये मँचेस्टर युनायटेड या संघाच्या ओल्ड ट्रॅफर्ड या मैदानावर जर्मन बाँब पडले. त्याची पुनर्बांधणी होईपर्यंत युनायटेडला आपले घरचे सामने सिटीच्या मेन रोड या मैदानावर खेळावे लागले आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये तो संघ स्वगृही परतला. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी मेन रोडच्या गोलात जर्मन सैनिक उभा राहणार, ही वार्ता आली. शिवाय लंडन वगळता ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या ज्यू वस्त्यांपैकी एक मँचेस्टरमध्ये होती. तीत नाझींच्या तावडीतून निसटलेली व आप्त गमावलेली अनेक माणसे होती.

या निवडीवर तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. वृत्तपत्रांकडे व संघाच्या कार्यालयाकडे निषेधाची पत्रे आली. हंगामी तिकिटे परत करण्याच्या व सामन्यांवर बहिष्कार घालण्याच्या धमक्या देण्यात आल्या. शहरात निदर्शने झाली व त्यांत सु. २०,००० लोक सहभागी झाले, असे सांगितले जाते. हा रोष केवळ अविचारी होता, असे म्हणता येणार नाही. ज्यांनी मुले, भाऊ किंवा घरे गमावली होती, त्यांच्या दृष्टीने ‘आयर्न क्रॉस’ मिळविलेला छत्रीसैनिक हा खेळाडू नसून शत्रूच होता.

विरोध ओसरण्याची कारणे : विरोध ओसरण्यास दोन व्यक्तींची भूमिका विशेष कारणीभूत झाली. पहिली सिटीचा कर्णधार एरिक वेस्टवुड याची. वेस्टवुड हा स्वतः नॉर्मंडीच्या लढाईत भाग घेतलेला सैनिक होता. त्याने सर्व खेळाडूंच्या समक्ष ट्राउटमानचे स्वागत केले आणि या खोलीत युद्ध नाही, इतरांप्रमाणेच तूही आमच्यापैकी एक आहेस, अशा आशयाचे उद्गार काढले. ज्याने जर्मनांच्या गोळ्यांना तोंड दिले होते, त्यानेच हे म्हटल्यावर संघातील इतरांना वेगळी भूमिका घेण्यास जागा उरली नाही.

दुसरी भूमिका मँचेस्टरच्या ज्यू समाजाचे धर्मगुरू डॉ. आलेक्सांडर आल्टमान यांची. आल्टमान बर्लिनमध्ये धर्मगुरू होते; १९३८ मध्ये त्यांना जर्मनी सोडून मँचेस्टरला यावे लागले. त्यांचे वडील त्रीर येथील प्रमुख ज्यू धर्मगुरू होते. आल्टमान यांच्या आईवडिलांचा आउश्विट्सच्या छळछावणीत अंत झाला. अशा व्यक्तीने एका स्थानिक वृत्तपत्रात पत्र प्रसिद्ध करून, ज्यू समाजाने या खेळाडूविरुद्ध कोणतीही संघटित मोहीम उघडलेली नाही, हे स्पष्ट केले. आपल्या समाजाने जर्मनांच्या हातून भयंकर अत्याचार सोसले असले, तरी त्या गुन्ह्यांशी ज्याचा संबंध नाही अशा एका व्यक्तीला केवळ तो जर्मन आहे म्हणून द्वेषापोटी शिक्षा करणे योग्य नव्हे, असे त्यांनी प्रतिपादन केले. गुन्हेगार व त्याचे राष्ट्र यांत भेद करण्याचा सर्वांत कमी आग्रह ज्यांच्याकडे धरता आला असता, त्यांनीच तो केला. त्यामुळे निषेधाची धार बोथट झाली. ट्राउटमानने हे ऋण जन्मभर मान्य केले.

ही दोन वचने महत्त्वाची असली, तरी त्यांनी केवळ दार उघडले. आत टिकून राहण्याचे काम ट्राउटमानलाच करावे लागले. १९ नोव्हेंबर १९४९ रोजी बोल्टन वाँडरर्सविरुद्ध तो पहिला लीग सामना खेळला. तो सिटीने ०–३ असा गमावला. परगावच्या मैदानांवर त्याला दीर्घकाळ हेटाळणी सहन करावी लागली. गोलरक्षकाची जागा या दृष्टीने विशेष कठीण असते. इतर खेळाडू मैदानभर फिरत असतात. गोलरक्षक मात्र पाऊण तास एकाच ठिकाणी, गोलामागील प्रेक्षकांपासून काही पावलांवर उभा असतो. त्यांचा प्रत्येक शब्द त्याला ऐकू येतो व त्याची प्रत्येक चूक गोलफलकावर उमटते.

जानेवारी १९५० मध्ये लंडनमध्ये फुलम संघाविरुद्धचा सामना या दृष्टीने निर्णायक ठरला. लंडनने जर्मन हवाई हल्ल्यांची सर्वाधिक झळ सोसली होती व लंडनची वृत्तपत्रे या गोलरक्षकाकडे प्रथमच जवळून पाहणार होती. त्या वेळी सिटीचा संघ दुर्बल असल्याने मोठ्या पराभवाची सर्वांना अपेक्षा होती. प्रारंभी प्रेक्षकांनी शिव्याशापांनीच त्याचे स्वागत केले. परंतु ट्राउटमानने एकामागून एक फटके अडविले आणि सिटीला केवळ एका गोलाने हार पत्करावी लागली. सामना संपल्यावर प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या आणि दोन्ही संघांच्या खेळाडूंनी दुतर्फा रांगा करून त्याला मैदानाबाहेर जाण्यास वाट करून दिली. त्या हंगामाअखेर सिटीची द्वितीय श्रेणीत घसरण झाली. पुढल्याच हंगामात, १९५१ मध्ये, संघ पुन्हा प्रथम श्रेणीत आला. तोपर्यंत मेन रोडवर ट्राउटमानविषयी वाद उरला नव्हता.

खेळाची वैशिष्ट्ये : ट्राउटमानच्या खेळाचे मर्म धाडस, अचूक अंदाज व हातांची पकड यांत होते. पुढे सरसावणाऱ्या आघाडीपटूच्या पायांवर झेप घेऊन चेंडू हस्तगत करण्यात तो निष्णात होता. पेनल्टी किक अडविण्याबद्दलही त्याची ख्याती होती. सोव्हिएट गोलरक्षक ल्येव याशिन याने आपल्या बरोबरीचा म्हणून ज्या एकाच गोलरक्षकाचा निर्देश केला, तो मँचेस्टरमधील हा जर्मन होय, असे सांगितले जाते.

गोलरक्षणाच्या तंत्रात त्याने घातलेली भर मात्र वेगळ्या स्वरूपाची आहे. त्या काळी इंग्लिश गोलरक्षक चेंडू हाती येताच लाथेने शक्य तितक्या दूर पाठवीत. तो कोणाकडे जाईल, हे बव्हंशी नशिबावर असे. हंगेरीचा ज्यूला ग्रोशिच याची पद्धत निराळी होती. तो चेंडू हाताने फेकून आपल्या जवळच्या मोकळ्या खेळाडूकडे देई. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने वेम्ब्ली येथे इंग्लंडचा ६–३ असा पराभव केला, तेव्हा इंग्रजांना आपल्या खेळातील उणिवांची जाणीव झाली. सिटीने १९५४–५५ च्या हंगामात हंगेरीच्या नांदोर हिदेगकुटीच्या धर्तीवर डॉन रीव्ही या मध्य आघाडीपटूस मागे ठेवून खेळण्याची योजना अंगीकारली. या योजनेत चेंडूचा ताबा न गमावता चाल रचणे अगत्याचे होते व तिचा आरंभ ट्राउटमानच्या हातून होई. लहानपणी खेळलेल्या हँडबॉलमुळे त्याच्या खांद्यात विलक्षण ताकद आली होती. तो चेंडू लांबवर व नेमका फेकून केन बार्न्ससारख्या साथीदाराकडे पोचवी आणि तेथून रीव्हीमार्फत चढाई सुरू होई. गोलरक्षक हा बचावाचा शेवटचा दुवा तसाच चढाईचा पहिलाही दुवा असतो, हे पुढे सर्वमान्य झालेले तत्त्व इंग्लिश मैदानांवर ज्यांनी प्रथम रुजविले, त्यांत त्याची गणना होते. [⟶ फुटबॉल].

१९५५ व १९५६ चे अंतिम सामने : ७ मे १९५५ रोजी सिटीचा संघ एफ्. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसल युनायटेडविरुद्ध खेळला. या सामन्यात खेळणारा ट्राउटमान हा पहिला जर्मन होय. पहिल्याच मिनिटात जॅकी मिलबर्नने गोल केला. पुढे सिटीचा एक बचावपटू जायबंदी झाला व न्यूकॅसलने ३–१ असा विजय मिळविला.

पुढील वर्षी सिटीने पुन्हा अंतिम फेरी गाठली. सामन्यापूर्वी काही दिवस इंग्लंडमधील फुटबॉल-वार्ताहरांच्या संघटनेने ट्राउटमानला १९५६ चा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवडले. १९४८ मध्ये सुरू झालेला हा सन्मान मिळविणारा तो पहिला गोलरक्षक व ब्रिटिश बेटांबाहेरचा पहिला खेळाडू ठरला. ज्या सन्मानामागे देशभरच्या वार्ताहरांचे मत असते, तो सात वर्षांपूर्वी निदर्शनांचे लक्ष्य झालेल्या माणसाला लाभावा, ही गोष्ट अंतिम सामन्यातील प्रसंगापेक्षा कमी बोलकी नाही. नंतर त्याला जी लोकप्रियता मिळाली, ती केवळ एका दुखापतीमुळे मिळाली, हा समज यावरून खोटा ठरतो.

अंतिम सामना ५ मे १९५६ रोजी वेम्ब्ली येथे बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध झाला. मँचेस्टर सिटी ३–१ असा आघाडीवर असताना, खेळाची सु. १७ मिनिटे शिल्लक होती तेव्हा, बर्मिंगहॅमचा पीटर मर्फी चेंडू घेऊन गोलाकडे धावला. ट्राउटमानने त्याच्या पायांवर झेप घेऊन चेंडू पकडला. त्याच क्षणी मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर आदळला. तो काही काळ बेशुद्ध पडला. बदली खेळाडू घेण्याची मुभा त्या वेळी नव्हती. इंग्लिश लीगमध्ये ती १९६५–६६ च्या हंगामापासून देण्यात आली. ट्राउटमान बाहेर गेला असता, तर संघाला दहा खेळाडूंनिशी व गोलात एखाद्या बचावपटूस उभे करून खेळावे लागले असते. तो उठला व डोळ्यांपुढे अंधारी येत असतानाही खेळत राहिला. त्यानंतर स्वतःच्याच संघातील डेव्ह ईविंग याच्याशी त्याची आणखी एकदा टक्कर झाली. तरीही त्याने पुढचे हल्ले परतविले व सिटीने चषक जिंकला. पारितोषिक स्वीकारताना त्याची मान एका बाजूस कललेली असल्याचे एडिंबरोचे ड्यूक प्रिन्स फिलिप यांच्याही ध्यानात आले.

दुखापतीचे खरे स्वरूप चार दिवसांनी मँचेस्टर येथे घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रावरून उघडकीस आले. मानेतील पाच मणके जागेवरून सरकले असून दुसरा मणका दुभंगला होता. तिसरा मणका त्यावर पाचरीसारखा घट्ट बसल्यामुळेच मज्जारज्जूला इजा पोचली नाही व त्याचे प्राण वाचले. त्याला कित्येक महिने मान व धड प्लॅस्टरमध्ये ठेवून काढावे लागले. त्याच उन्हाळ्यात त्याचा लहानगा मुलगा मोटारीच्या अपघातात दगावला. या दुहेरी आघातातून सावरून डिसेंबर १९५६ मध्ये तो पुन्हा मैदानावर उतरला. मात्र पूर्वीची लय गवसण्यास त्याला बराच अवधी लागला.

या प्रसंगाकडे केवळ वैयक्तिक शौर्याची कथा म्हणून पाहणे अपुरे होय. त्या काळच्या नियमांनुसार आघाडीपटूला गोलरक्षकाला खांद्याने धक्का देण्याची मोकळीक होती. १९५७ च्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक रे वुड याचे गालाचे हाड ॲस्टन व्हिलाच्या खेळाडूशी झालेल्या टकरीत मोडले. १९५८ मध्ये बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाऊसने युनायटेडच्या हॅरी ग्रेगला चेंडूसह गोलरेषेपलीकडे ढकलले व तो गोल ग्राह्य मानण्यात आला. लागोपाठ तीन वर्षे देशातील सर्वांत प्रतिष्ठेच्या सामन्यात गोलरक्षकावर असा प्रसंग गुदरला. गोलरक्षकाला अधिक संरक्षण व संघाला बदली खेळाडू मिळावा, या मागणीस या घटनांमुळे बळ आले. ट्राउटमानची सहनशक्ती ही प्रशंसनीय खरीच. पण ती दाखविण्याची वेळ खेळाडूवर येऊ नये, हा धडाही त्याच घटनेने दिला.

राष्ट्रीय संघापासून वंचित : इंग्लंडमध्ये असा मान मिळविणारा ट्राउटमान जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडून एकही सामना खेळला नाही. पश्चिम जर्मनीचे प्रशिक्षक झेप हेर्बेर्गर हे जर्मन लीगमध्ये खेळणाऱ्या खेळाडूंचीच निवड करीत. शाल्के ०४ या जर्मन संघाने त्याला मायदेशी आणण्याचा यत्न केला. परंतु देऊ केलेली रक्कम अगदीच तुटपुंजी असल्याने सिटीने नकार दिला. खेळाडूच्या इच्छेपेक्षा संघाचा हक्क मोठा मानणारी तत्कालीन इंग्लिश करारपद्धती त्याच्या आड आली. त्यामुळे १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला, तेव्हा ट्राउटमान त्या संघात नव्हता. इंग्लंडमध्ये कमाल वेतनाचीही मर्यादा होती; जानेवारी १९६१ मध्ये ती रद्द झाली, त्या वेळी ती आठवड्याला २० पौंड होती. म्हणजे त्याच्या उमेदीचा सगळा काळ याच चौकटीत गेला. १९६० मध्ये इंग्लिश लीगच्या निवडक संघात त्याचा समावेश करण्यात आला, हाच त्याचा प्रातिनिधिक स्वरूपाचा मुख्य सन्मान होय.

उत्तरकाल : स्वभावाने तो तापट होता. सप्टेंबर १९६२ मध्ये वेस्ट हॅम युनायटेडविरुद्धच्या सामन्यात एका गोलाबद्दल पंचाशी वाद होऊन त्याने रागाने चेंडू पंचाच्या अंगावर मारला व त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. १९६३ मध्ये सिटीची पुन्हा द्वितीय श्रेणीत घसरण झाली. १५ एप्रिल १९६४ रोजी त्याच्या गौरवार्थ झालेल्या सामन्यात मँचेस्टरच्या दोन्ही संघांतील खेळाडूंचा संयुक्त संघ उतरला व बॉबी चार्ल्टन, डेनिस लॉ, स्टॅन्ली मॅथ्यूज, टॉम फिनी इ. नामवंतांनी सामन्यात भाग घेतला. अधिकृत नोंदीनुसार सु. ४७,००० प्रेक्षक हजर होते. अखेरीस त्यांतील अनेक जण मैदानात उतरल्यामुळे सामना आटोपता घ्यावा लागला.

निवृत्तीनंतर त्याने स्टॉकपोर्ट काउंटीचे व नंतर जर्मनीतील प्रॉइसेन म्युन्स्टर या संघाचे व्यवस्थापन केले. १९७२ पासून जर्मन फुटबॉल संघटनेच्या साहाय्ययोजनेत त्याने ब्रह्मदेश, टांझानिया, लायबीरिया, पाकिस्तान, उत्तर येमेन इ. देशांत प्रशिक्षक म्हणून काम केले. १९८८ मध्ये तो या कामातून निवृत्त झाला व स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ स्थायिक झाला. इंग्लंड व जर्मनी यांच्यातील सौहार्द वाढविल्याबद्दल २००४ मध्ये ब्रिटिश शासनाने त्याला ‘ओ. बी. ई.’ हा किताब दिला. एकेकाळी ‘आयर्न क्रॉस’ स्वीकारलेल्या हाताने त्याने तो स्वीकारला. २००५ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या सन्मानमंदिरात त्याचा समावेश झाला. त्याच्या जीवनावरील द कीपर हा चित्रपट २०१८ मध्ये तयार झाला. स्पेनमध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

मूल्यमापन : ट्राउटमानची कथा पुष्कळदा खेळ हा सर्व वैरे विसरायला लावतो, अशा सोप्या निष्कर्षासाठी सांगितली जाते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. १९४९ मध्ये खेळामुळे वैर विसरले गेले नाही, उलट ते उफाळून आले. ते शमले ते एका माजी सैनिकाने व एका निर्वासित धर्मगुरूने घेतलेल्या जाहीर भूमिकेमुळे आणि त्यानंतर वर्षानुवर्षे दर शनिवारी हजारो डोळ्यांसमोर चोख बजावलेल्या कामामुळे. मँचेस्टरच्या लोकांनी युद्ध विसरावे, अशी मागणी कोणी केली नाही व त्यांनी ते विसरलेही नाही. फक्त गोलात उभा असलेला माणूस त्यांनी त्याच्या कामावरून जोखला. ट्राउटमाननेही आपला भूतकाळ लपविला किंवा सजविला नाही. सिटीचे मेन रोड हे मैदान २००३ मध्ये बंद झाले व पुढे पाडण्यात आले. परंतु तेथे १५ वर्षांत घडून आलेला हा बदल युद्धोत्तर यूरोपातील समेटाच्या इतिहासात मोलाचा ठरतो. तह व करार राष्ट्रांराष्ट्रांत होतात. माणसामाणसांतील समेटाला मात्र अशाच लहान जागा, थोडी धीट माणसे आणि पुष्कळ काळ लागतो.